तबला कोण वाजवणार?

फेब्रुवारीचा दुसरा शनिवार-रविवार आला, की नाशिकरोडला पाय ठेवायला जागा उरत नाही. नाशिक-पुणे रस्त्यावरच्या बाळ येशू मंदिराची ती यात्रा! मुंबई, वसई, गोवा, कुठकुठून लोक येतात. मराठी, कोकणी, इंग्रजी अशा निरनिराळ्या भाषांत मिस्सा होतात. (मिस्सा म्हणजे कॅथलिक लोकांची मुख्य सामुदायिक उपासना, बरं का!) रांगेत नुसते ख्रिस्तीच असतात असंही नाही. कपाळावर कुंकू लावलेल्या आज्याही मेणबत्ती घेऊन उभ्या असतात.

आणि दोस्तांनो, तुमच्या वयाची मुलंही असतात. साहजिकच आहे, दहावी-बारावीची परीक्षा तोंडावर आलेली! आता मेणबत्ती लावल्यानं गणिताचा पेपर सोपा होतो का? मला विचाराल तर, नाही. पेपर केव्हाच छापून तयार असतो. मग तिथून परतताना माणसं हलकी होऊन का परततात?

याचं उत्तर मला यात्रेत नाही, एका मित्राच्या घरी मिळालं.

मी आठवीत होतो. वर्गातल्या एका कॅथलिक मित्राचे वडील अचानक वारले. आम्ही पोरं त्याला टाळू लागलो. मनानं वाईट नव्हतो हो, पण बोलायचं काय तेच कळेना. त्याच्या घरी मात्र रोज संध्याकाळी आजूबाजूची ख्रिस्ती मंडळी जमायची, हातात जपमाळ घेऊन रोझरीची प्रार्थना म्हणायची आणि चहा पिऊन जायची. प्रार्थनेचे शब्द ठरलेले असतात, त्यामुळे 'काय बोलू?' हा प्रश्नच येत नाही. उपदेश नाही, चौकशा नाहीत. नुसतं शेजारी बसायचं. एवढं आम्हालाही जमलं असतं!

तरी मित्र गप्पच. रविवारी चर्चला जाणंही त्यानं सोडलं. तेव्हा तिथल्या गायनमंडळातला एक दादा थेट दारात आला.

"काय रे, तुझ्यावाचून तबला कोण वाजवणार?"

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपासून (१९६२-६५) मिस्सा लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत होऊ लागली. तेव्हापासून मराठी भक्तिगीतांबरोबर पेटी-तबलाही चर्चमध्ये रुळला. माझा मित्र काही झाकीर हुसेन नव्हता, पण तो गेला. पहिले दोन रविवार तबल्यापाशी नुसता बसून राहिला. तिसऱ्या रविवारी त्यानं ठेका धरला.

आपण आलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येतं, ही जाणीव खचलेल्या माणसाला फार मोठा आधार देते. ही गोष्ट पॅरिसच्या एका तरुणाला नेमकी उमगली होती. १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं काही सोबत्यांना घेऊन एक मंडळ सुरू केलं. तेच पुढे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून जगभर पसरलं; आपल्याकडेही आहे. त्यांची रीत साधी. गरिबाला मदत नुसती पाठवायची नाही, घरी जायचं, बसायचं, ऐकायचं.

आणखी एक युक्ती सांगतो. ती आहे संत इग्नेशियस लोयोला यांची. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं या स्पॅनिश सरदाराचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो आपल्याच मनाकडे पाहू लागला. कोणत्या विचारानंतर मन कोरडं पडतं, कोणत्या विचारानंतर आनंद टिकतो? पुढे त्यानं येशूसंघ स्थापन केला. (नाशिक धर्मप्रांत १९८७ साली झाला, त्याचे पहिले बिशप थॉमस भालेराव याच संघाचे.) इग्नेशियसचा एक नियम तर परीक्षेच्या दिवसांत भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे: मन उदास असताना आधीचा चांगला निर्णय बदलू नये. आणि रोज रात्री दिवसाची उजळणी करावी. सुरुवात मात्र चुकांपासून नाही, आभारांपासून!

पालकहो, आता तुमच्यासाठी दोन शब्द. "तुझी श्रद्धाच कमी पडते" असं उदास मुलाला कधी म्हणू नका; ते जखमेवर मीठ आहे. झोप उडाली, जेवण तुटलं, जगणंच नको वाटू लागलं, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवेतच. पाय मोडल्यावर इग्नेशियसलाही हाड बसवून घ्यावंच लागलं! सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि मुलांसाठी १०९८. मुलांनो, कुणी त्रास देत असेल, मग तो घरचा, शाळेतला की देवळातला, तरीही याच क्रमांकावर बोला.

पुष्कळ वर्षांनी मी मित्राला त्या तिसऱ्या रविवारबद्दल विचारलं. तो हसला. म्हणाला, "अरे, ताल सारखा चुकत होता माझा. पण सगळे माझ्याबरोबर हळू गायले."