पायवाटेवरची झाडे : कुड्यांची भाऊबंदकी

सह्याद्रीत नुसते ‘कुडा’ म्हटले तर निदान तीन झाडे पुढे येतात: पांढरा कुडा, काळा कुडा आणि तांबडा कुडा. घाटमाथ्याच्या दाट रानातला नागलकुडा धरला तर चार. चौघेही कण्हेरीच्या कुळातले. पाने समोरासमोर, पान खुडले की देठातून चीक, आणि शेंगा जोडीने. कुळाच्या या खुणा इतक्या ठसठशीत आहेत की आतकरवाडीहून सिंहगड चढणारा माणूस “हा कुडा” म्हणून पुढे चालू लागतो. नेमका कोणता कुडा, हा प्रश्न मागेच राहतो.

ठरल्याप्रमाणे या भागात कारवी यायची होती. मात्र कोलकात्याच्या डमडम भागात राहणाऱ्या एका वाचकाने हिरव्या शेंगांचे छायाचित्र पाठवून दोन प्रश्न विचारले आहेत. तिकडे कुरची म्हणतात ते झाड आणि गडाच्या वाटेवरचा कुडा एकच का? आणि दुकानात मिळणारे इंद्रजव म्हणजे त्याच्याच बिया असतात का? दोन्हींची उत्तरे कुड्यांचा गुंता सोडवल्याखेरीज देता येत नाहीत. सात वर्षांतून एकदा फुलणाऱ्या कारवीचे आठवडाभराच्या उशिराने काही बिघडणार नाही.

सुरुवात पानापासून करावी, कारण फुले दोन-तीन महिनेच असतात. पांढऱ्या कुड्याचे पान मोठे, रुंद, बऱ्याचदा वीतभर लांब; देठ जवळजवळ नाहीच, आणि मधल्या शिरेपासून निघणाऱ्या उपशिरा उठून दिसणाऱ्या. काळ्या कुड्याचे पान त्यामानाने लहान, पातळ, गुळगुळीत आणि टोकाशी निमुळते. ते वाळले की काळपट पडते. वहीच्या पानांत दाबून ठेवले तर हा फरक आपोआप दिसतो. तांबड्या कुड्याच्या पानावरून बोट फिरवले की दोन्ही बाजूंना मखमल लागते, आणि त्याचा चीक पांढरा नसून पिवळसर असतो. चिकाची परीक्षा डोळ्यांनीच करावी. हात डोळ्यांना लावू नये आणि चव तर मुळीच घेऊ नये.

फुलांचा हंगाम असेल तर काम आणखी सोपे. पांढऱ्या कुड्याची फुले उन्हाळ्यात सुरू होऊन पावसाळ्यात शिरतात. फांदीच्या टोकाला पांढरे, सुवासिक, पसरट घोस येतात. एक फूल हातात घेऊन तोंडाशी पाहिले तर तिथे काहीच नसते: पाच पाकळ्या, खाली बारीक नळी, आणि पुंकेसर त्या नळीच्या तळाशी लपलेले. काळ्या कुड्याचे फूलही पांढरे, पण त्याच्या मध्यभागी झालरीसारखी तंतूंची कड असते आणि परागकोश एकमेकांना चिकटून सुळक्यासारखे बाहेर आलेले असतात. एकदा ही झालर पाहिली की पुन्हा घोटाळा होत नाही. तांबड्या कुड्याची झालर नारिंगी-तांबूस असते आणि त्याच्या फुलाला वास चांगला नसतो. कालिदासाच्या यक्षाने मेघाला जे कुटजाचे, म्हणजे कुड्याच्या फुलांचे, अर्घ्य दिले, ते आषाढात ताजे फुललेले पांढऱ्या कुड्याचेच असणार. काळा कुडा तोपर्यंत बहुतेक फुलून गेलेला असतो.

खरी मजा शेंगांत आहे. पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा एका देठावरून निघतात आणि टोकापर्यंत मोकळ्या लोंबतात. बारीक, लांब, कधी हातभरही. काळ्या कुड्याच्या शेंगाही तितक्याच लांब, पण त्यांची टोके एकमेकांना जोडलेली, त्यामुळे मध्ये लांबट फट राहते. शेंगा वाळून फुटायच्या सुमारास हा जोड सुटतो, म्हणून परीक्षा हिरव्या शेंगांवरच करावी. तांबड्या कुड्याच्या दोन्ही शेंगा अंगाला अंग चिकटून एकच जाड शेंग झालेली असते आणि तिच्यावर पांढुरके खरबरीत ठिपके असतात. नागलकुडा इथे साफ वेगळा पडतो: त्याची फळे मांसल, वाकडी आणि पिकली की नारिंगी. बी मात्र सर्वांत खात्रीचे. पांढऱ्या कुड्याच्या बीला केसांचा झुबका वरच्या टोकाला, म्हणजे शेंगेच्या टोकाच्या बाजूला असतो. काळ्या आणि तांबड्या कुड्याच्या बीला तो खालच्या, देठाकडच्या बाजूला. तडकलेली शेंग न हलवता उघडून पाहिली तरच हे कळते, एरवी वारा पुरावा घेऊन जातो.

इतक्या ढळढळीत खुणा असूनही भल्याभल्यांची गफलत झाली. लिनियसने १७५३ साली अतिसारावरच्या गुणाचा उल्लेख असलेले ‘अँटिडिसेंटेरिकम’ हे नाव दिले, ते श्रीलंकेतल्या एका वेगळ्याच झुडपाला जाऊन चिकटले. हल्ली रोपवाटिकांत पांढऱ्या चांदण्यांसारख्या फुलांसाठी कुंडीत विकले जाते ते हेच, आणि औषधी कुड्याशी त्याचा संबंध कुळापुरताच. पुढे १८१० साली रॉबर्ट ब्राउनने राइटिया आणि होलॅऱ्हेना अशा दोन प्रजाती वेगळ्या केल्या: काळा आणि तांबडा कुडा पहिलीत, पांढरा दुसरीत. पण घोळ रसायनशास्त्रातही शिरला होता. पांढऱ्या कुड्याच्या सालीतले मुख्य अल्कलॉइड कोनेसीन. त्याचे एक जुने नाव ‘राइटीन’ आहे, म्हणजे ज्या प्रजातीचे ते नव्हे तिचे.

हा गुंता सोडवण्यात डमडमकरांच्या शेजाराचाही हात आहे. हुगळीपलीकडे शिबपूरला १७८७ साली स्थापन झालेले वनस्पती उद्यान आहे. तिथे १७९३ साली आलेल्या विल्यम रॉक्सबर्गने काळ्या कुड्याची पाने गरम पाण्यात ठेवून नीळ काढता येते, हे दाखवून दिले होते. काळ्या कुड्याच्या ‘टिंक्टोरिया’ या नावात तोच रंग आहे. पांढऱ्या कुड्याचे आजचे शास्त्रीय नाव होलॅऱ्हेना प्युबेसेन्स. त्यामागे ज्या वनस्पतिशास्त्रज्ञांची नावे जोडली जातात त्यांपैकी बुकानन-हॅमिल्टन आणि वॉलिक हे दोघेही याच उद्यानाचे अधीक्षक होते. १९२०च्या दशकात कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी कुरचीच्या सालीवर आमांशाच्या दृष्टीने काम केले. रवींद्रनाथांच्या ‘वनवाणी’त तर या झाडावर स्वतंत्र कविताच आहे, ते झाड त्यांना कुष्टिया स्टेशनाजवळ दिसले होते. इकडे कोकणात कुड्याच्या कोवळ्या शेंगांची आणि फुलांची भाजी होते. ती कडूच लागते, आणि तिचे चाहते कडूपणासाठीच ती करतात.

काळ्या कुड्याचे लाकूड पांढरे, बारीक पोताचे आणि कातायला सोपे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी परंपरेने याचीच. औषधाच्या बाजारात मात्र त्याची साल पांढऱ्या कुड्याच्या सालीत मिसळली जाते. तिच्यात कोनेसीन नसल्याने कुटजारिष्टासाठी ती निरुपयोगी ठरते.

आता वाचकाचे प्रश्न. छायाचित्रातल्या हिरव्या शेंगा टोकापर्यंत मोकळ्या आहेत, पाने रुंद आणि बिनदेठाची दिसतात. तेव्हा डमडमची कुरची म्हणजे गडाच्या वाटेवरचा पांढरा कुडाच. इंद्रजवाचा निकाल चित्रावरून लागणार नाही. दुकानात पोहोचेपर्यंत बियांचे केस झडलेले असतात आणि वरच्या-खालच्या झुबक्याची खूण उरत नाही. बाजारात कडू आणि गोड असे दोन इंद्रजव चालतात: कडू ते पांढऱ्या कुड्याचे, गोड ते काळ्याचे. काष्ठौषधी विकणारे जुने दुकानदार एक बी दातांखाली चावून पाहतात. तोंड बराच वेळ कडू राहिले तर माल पांढऱ्या कुड्याचा, बेचव लागले तर काळ्याचा.

(पुढील भागात : कारवी)