रोज दोन लिटर

अणदूरच्या शेतकऱ्याला माती परीक्षण शिकवावं लागत नाही. रानातल्या आठ-दहा जागांची माती कालवायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून पिशवीत भरायची. त्यामुळे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या एका जुन्या पेट्रोल पंपाच्या टाक्या निघतायत आणि पोरं तिथली माती बर्फात ठेवतायत असं ऐकलं, तेव्हा बघायला गेलो.

टाकी रिकामी करून, आतली वाफ घालवून क्रेननं वर काढली होती. खड्ड्यात वर काळी माती, खाली मुरूम आणि तळाला टाकीभोवतीची वाळू. नमुने घेणारा तरुण वाळू बाजूला सारून मुरमात हात घालत होता. "वाळू धरून ठेवत नाही, सर. सांडलेलं खाली जातं." टाकीची दोन्ही टोकं, पाइपाचा सांधा, तेल ओतायच्या तोंडाखालची जागा, प्रत्येकीची बरणी वेगळी. इथं कालवायचं नाही, वाळवायचंही नाही. बरणी काठोकाठ दाबून भरायची. हवेला जागा राहिली की पेट्रोलमधलं बेंझीन तिच्यात उडतं आणि प्रयोगशाळेत माती निर्दोष सुटते. झाकणाच्या आट्यात अडकलेला मुरमाचा कणसुद्धा तो पुसून काढत होता. ठेकेदाराच्या माणसाचं लक्ष मात्र तासावर भाडं चढणाऱ्या जेसीबीकडे.

पंपावर हयात घालवलेले मामा कडेला उभे होते. सकाळी पातळी मोजायला टाकीत डिपरॉड सोडायचं काम त्यांचं.

"रोज दोन लिटर कमी यायचं."

"मग?"

"उन्हानं उडतंय म्हणायचे. घट लिहायचो."

"आणि हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात बी दोनच की."

पेट्रोल उडतं, हे खरंच. पण ऊन उतरलं की उडणंही उतरायला हवं. रोज दोन लिटर म्हणजे वर्षाला ७३० लिटर, आणि रजिस्टरात त्याला नाव फक्त घट. मामांचे दोन लिटर माझ्या डोक्यातून जाईनात.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, मुरूम पाझरू देतो आणि खालच्या काळ्या पाषाणाच्या ज्या फटींतून विहिरीला पाणी येतं, त्याच फटी पेट्रोललाही मोकळ्या. ते पाण्यावर तरंगतं, त्यातलं बेंझीन थोडं पाण्यात विरघळतं, आणि बेंझीननं कर्करोग होतो. शिशाचं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं. त्याआधीपासूनच्या टाकीखाली शिसंही तपासावं लागतं, कारण ते उडून जात नाही.

सांध्याखालच्या मातीला तरुणानं हातातला वाफ मोजायचा मीटर लावला आणि आकडा झरझर चढला. "तिथलं नको, ते आत्ताच पाइप काढताना सांडलंय," ठेकेदाराचा माणूस म्हणाला. तरुणानं आणखी हातभर खाली उकरून तिथलीच बरणी भरली आणि फॉर्मवर जागा, खोली, वेळ लिहिली. मामा काय म्हणाले, याला त्या फॉर्मवर रकाना नव्हता. तो असायला हवा, आणि अहवालाची एक प्रत शेजारच्या विहिरीच्या मालकालाही मिळायला हवी. पाणी तोच पितो.