विश्लेषण : आल्मा माहलरचे प्रियकर सगळ्यांना ठाऊक; तिची गाणी कुठे गेली?

केट ब्लँचेटचा ‘टार’ (२०२२) पाहिला असेल, तर गुस्ताव्ह माहलरच्या पाचव्या सिम्फनीशी तुमची तोंडओळख झालेलीच आहे. या सिम्फनीचा चौथा भाग, ‘अडाजिएट्टो’, फक्त तंतुवाद्ये आणि हार्प यांच्यावर वाजतो. हे आल्मा शिंडलरसाठी लिहिलेले शब्दांविना प्रेमपत्र आहे, अशी नोंद माहलरचा मित्र आणि वाद्यवृंद संचालक विलेम मेंगेलबर्ग याने आपल्या प्रतीवर करून ठेवली आहे.

त्याच सुमारास, १९ डिसेंबर १९०१ रोजी, माहलरने आल्माला आणखी एक पत्र लिहिले. हे मात्र शब्दांतच होते आणि तब्बल २० पानांचे. त्याचा मथितार्थ असा : आपले लग्न व्हायचे असेल, तर तू संगीतरचना करणे सोडून दे. तेव्हा तो ४१ वर्षांचा होता आणि ती २२ वर्षांची.

आल्माचे नाव आज गूगलवर टाकले, की आधी पुरुषांची यादी येते. क्लिम्ट, झेमलिन्स्की, माहलर, कोकोश्का, ग्रोपियस, वेर्फेल. ती स्वतः संगीतकार होती, हे बरेच खाली वाचावे लागते.

आल्मा शिंडलर कोण होती?

तिचा जन्म ३१ ऑगस्ट १८७९ चा, व्हिएन्नातला. वडील एमिल याकोब शिंडलर हे निसर्गचित्रांसाठी नावाजलेले चित्रकार. आई लग्नाआधी गायिका होती. आल्मा १२ वर्षांची असताना वडील गेले आणि पुढे आईने त्यांच्याच शिष्याशी, कार्ल मोलशी, लग्न केले. हा मोल १८९७ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हिएन्ना सेसेशन’ या बंडखोर कलाकारांच्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. त्यामुळे शहरातले नामवंत चित्रकार, लेखक, नाटकवाले या घरी नेहमी येत-जात.

आल्मा पियानो उत्तम वाजवायची आणि योसेफ लाबोर या अंध ऑर्गनवादकाकडे संगीतरचना शिकायची. १८९८ पासूनची तिची डायरी आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. त्यात कपडे, पार्ट्या, रुसवेफुगवे सगळे आहे आणि मध्येच एक इच्छाही आहे : एक खरोखर चांगला ऑपेरा लिहायचा, जो आजवर कुठल्याही बाईने लिहिलेला नाही.

क्लिम्ट प्रकरण काय होते?

गुस्ताव्ह क्लिम्ट हा सेसेशनचा पहिला अध्यक्ष, आल्मापेक्षा १७ वर्षांनी मोठा. १८९९ मध्ये मोल कुटुंब इटलीच्या सहलीवर असताना तोही तिथे पोहोचला. तिथे त्याने आल्माचे चुंबन घेतले, तिने ते डायरीत लिहिले आणि आईने डायरी वाचली. (लपवलेली डायरी आईच्या हाती लागणे, हे जगात सगळीकडे सारखेच.) मोलने क्लिम्टला जाब विचारला. क्लिम्टने मोलला लांबलचक पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली आणि दोघांची मैत्री टिकली. १९ वर्षांच्या मुलीच्या आयुष्याचा हा निर्णय दोन पुरुषांनी आपापसात मिटवला.

‘द किस’ या जगप्रसिद्ध चित्रातली स्त्री म्हणजे आल्माच, असे सांगणाऱ्या पोस्ट अधूनमधून फिरतात. त्याला पुरावा नाही.

गुरूच प्रियकर झाला तेव्हा?

१९०० मध्ये आल्मा अलेक्झांडर झेमलिन्स्कीकडे शिकू लागली. तो तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. व्हिएन्नात त्याचे नाव झाले होते आणि पुढे विसाव्या शतकाचे संगीत बदलणारा आर्नोल्ड शोनबर्गही त्याच्याकडेच शिकला होता. झेमलिन्स्की कौतुक करण्याच्या बाबतीत कंजूष होता. एकतर संगीत लिही, नाहीतर पार्ट्यांना जा, दोन्ही जमणार नाही, असे त्याने तिला तोंडावर सुनावले होते. तिच्या वहीतली गाणी याच काळात पक्व होत गेली.

१९०१ मध्ये दोघे प्रेमात पडले. तिच्या डायरीत त्याची ओढ आहे आणि त्याच्या रूपाची टिंगलही. तो ज्यू असण्यावरून काही शेरे तर आज वाचवत नाहीत. तिला साधीभोळी नायिका करू पाहणाऱ्यांची इथेच अडचण होते.

आपल्याकडे गुरू-शिष्य नात्याची थोरवी इतकी गायली जाते, की त्यातला सत्तेचा भाग सहसा बोलला जात नाही. आल्माच्या बाबतीत तो उघड दिसतो. नाट्यगृहाचा माजी संचालक माक्स बुर्कहार्ड तिला पुस्तके पाठवायचा. तो २५ वर्षांनी मोठा होता आणि त्यालाही ती हवी होती. चित्रकलेचे जग क्लिम्टमुळे जवळ आले, स्वरांचे झेमलिन्स्कीमुळे. शिकवणारा आणि प्रेमाची अपेक्षा ठेवणारा माणूस दर वेळी एकच. ‘ती मोठ्या माणसांच्या मागे लागायची’, हे वाक्य मला म्हणूनच अर्धवट वाटते. तिला हव्या असलेल्या प्रत्येक गोष्टीपाशी असा एक माणूस उभा होता.

माहलरने नेमके काय लिहिले?

७ नोव्हेंबर १९०१ रोजी एका मेजवानीत दोघांची भेट झाली. माहलर तेव्हा व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचा संचालक, म्हणजे शहराच्या संगीतक्षेत्रातला सर्वात वजनदार माणूस. पहिल्याच भेटीत आल्मा त्याच्याशी भांडली. कारण होते झेमलिन्स्की : त्याने पाठवलेल्या बॅलेला तुम्ही साधे उत्तरही का देत नाही, असा तिचा सवाल होता. माहलरला ही मुलगी आवडली. दोन महिन्यांच्या आत साखरपुडाही झाला.

त्यापूर्वी आले ते २० पानी पत्र. निमित्त अगदी क्षुल्लक होते. रचनेचे काम करायचे आहे म्हणून पत्र आवरते घेते, असे आल्माने त्याला लिहिले होते. हे त्याला लागले. त्याने विचारले, नवरा-बायको दोघेही संगीतकार, हे चित्र तुला कसे दिसते? त्यातून हास्यास्पद स्पर्धा सुरू होईल. मला सहकारी नको, पत्नी हवी. यापुढे माझे संगीत हेच तुझे संगीत मान.

(‘अभिमान’ आठवला असेल, तर तो १९७३ चा. माहलरने ती भीती ७० वर्षे आधीच लिहून ठेवली होती. फक्त त्याने उपायही स्वतःच ठरवून टाकला.)

आल्मा रात्रभर रडली. आईने पत्र वाचून हे लग्न मोड, असाच सल्ला दिला. ‘त्या काळी असेच असायचे’ म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की त्याच काळातल्या त्याच घरातल्या बाईलाही ही अट अन्यायाची वाटली होती. तरीही दुसऱ्या दिवशी आल्माने होकार दिला. ९ मार्च १९०२ रोजी लग्न झाले, तेव्हा ती गरोदर होती. झेमलिन्स्की मागे राहिला. १९२२ मध्ये रंगमंचावर आलेला त्याचा ऑपेरा ‘डेअर त्स्वेर्ग’, म्हणजे ‘बुटका’, राजकन्येने झिडकारलेल्या एका कुरूप माणसाविषयी आहे. त्याचा धागा अनेक अभ्यासक आल्माशी जोडतात.

गाणी परत कशी सापडली?

लग्नानंतर आल्मा माहलरच्या स्वरलिपींच्या नकला करायची आणि घरखर्च सांभाळायची. तो उन्हाळ्यात झोपडीवजा खोलीत लिहीत बसला, की घरात शांतता राखणे हेही तिच्याकडेच. १९०७ मध्ये त्यांची थोरली मुलगी मारिया आजारपणात गेली. १९१० च्या उन्हाळ्यात आल्मा एका आरोग्यधामात असताना वास्तुरचनाकार वॉल्टर ग्रोपियसच्या प्रेमात पडली. तो तिच्यापेक्षा लहान होता. ग्रोपियसने तिला लिहिलेल्या पत्राच्या पाकिटावर पत्ता मात्र चक्क माहलरच्या नावाचा टाकला. ती चूक होती की मुद्दाम, यावर अजून वाद घातला जातो.

माहलर कोसळला. ऑगस्टमध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला जाऊन तो सिग्मंड फ्रॉइडला भेटला. दोघे काही तास शहरात चालत बोलत राहिले. आल्माने लिहिल्याप्रमाणे, याच दिवसांत ती एकदा फिरून परतली, तर घरात माहलर तिचीच गाणी पियानोवर वाजवत होता. ही गाणी चांगली आहेत, असे तो म्हणाला. त्यातली पाच त्याने दुरुस्त करून घेतली आणि त्याच वर्षी ‘युनिव्हर्सल एडिशन’ने ती छापली. आठवी सिम्फनीही त्याने तिला अर्पण केली. १८ मे १९११ रोजी तो वारला.

इथे आकडे पाहण्यासारखे आहेत. १९१५ मध्ये आणखी चार आणि १९२४ मध्ये पाच गाणी प्रकाशित झाली. म्हणजे हयातीत एकूण १४. तिच्या निधनानंतर सापडलेली धरून आज १७ गाणी माहीत आहेत. डायरीत याहून कितीतरी रचनांचे उल्लेख येतात. त्या हरवल्या आहेत. आणि माहलर गेल्यानंतर, कोणतीही अट उरली नसताना, तिने फार थोडे नवे लिहिले. नऊ वर्षांनंतर पुन्हा वही उघडणे अवघड असते, हे मान्य. पण फक्त माहलरला दोष देऊन हा हिशेब पूर्ण होत नाही.

तिच्या आठवणींवर किती विश्वास ठेवायचा?

जपूनच. माहलरची पत्रे छापताना तिने मजकूर गाळला, बदलला आणि त्याला लिहिलेली स्वतःची बहुतेक पत्रे नष्ट केली. अभ्यासकांनी या गुंत्याला ‘आल्मा प्रॉब्लेम’ असेच नाव दिले आहे. तरुणपणीची डायरी त्यामानाने भरवशाची, कारण ती लिहिताना पुढे कोण प्रसिद्ध होणार, हे तिला ठाऊक नव्हते.

पुढे काय झाले?

चित्रकार ऑस्कर कोकोश्काशी वादळी प्रकरण (दुरावल्यावर त्याने तिच्यासारखी माणसाएवढी बाहुली बनवून घेतली), मग ग्रोपियसशी लग्न, मग लेखक फ्रान्झ वेर्फेलशी. हे तिघेही तिच्यापेक्षा लहान. १९४० मध्ये नाझींपासून पळताना तिने वेर्फेलसोबत पिरेनीज पर्वत पायी ओलांडला. सामानात ब्रुकनरच्या तिसऱ्या सिम्फनीचे हस्तलिखित होते. ११ डिसेंबर १९६४ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिचे निधन झाले. तो मृत्युलेख वाचून टॉम लेहरर या अमेरिकन विनोदी गायकाने तिच्यावर एक गाणे रचले. त्यातही सगळे नवरेच आहेत.

तिची पहिली पाच गाणी स्ट्रीमिंग ॲपवर सहज सापडतात; ‘आल्मा माहलर फ्युन्फ लीडर’ असे शोधा. पाचही मिळून २० मिनिटांच्या आत संपतात. सुरुवात ‘डी श्टिल्ल श्टाट’, म्हणजे ‘शांत शहर’ यापासून करा. इअरफोन लावूनच ऐका. पियानोची डावी बाजू फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही.