विश्लेषण : विमानाचा वेगमापकच चुकला तर? सिम्युलेटर काय शिकवतो?

विमानातील एखादा बिघाड पुस्तकात वाचणे वेगळे आणि तो घडताना पाहणे वेगळे. प्रत्यक्ष उड्डाणात असा प्रयोग जिवावर बेतू शकतो. म्हणूनच अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना बिघाडांची साखळी समजावून देण्यासाठी फ्लाइट सिम्युलेटर उपयोगी पडतो. बर्गेनएअरच्या अपघातावरून हे नेमके समजते.

काय घडले होते?

६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधील प्वेर्तो प्लाता येथून उडालेले बोइंग ७५७ काही मिनिटांत समुद्रात कोसळले. विमानातील सर्व १८९ जणांचा मृत्यू झाला. कॅप्टनचा वेगमापक चुकीचा होता, सहवैमानिकाचा मात्र ठीक होता. कॅप्टनच्या बाजूची पिटो नळी बहुधा कीटकाच्या घरट्यामुळे बुजली असावी, असे तपासात म्हटले गेले.

वेगमापक का फसतो?

पिटो नळी समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेते. विमानाच्या बाजूची छिद्रे भोवतालच्या हवेचा दाब घेतात. या दोन दाबांमधील फरकावरून वेग कळतो. नळी पूर्ण बुजली, की आतला दाब कोंडून राहतो. विमान वर चढते तसा बाहेरचा दाब घटतो, फरक वाढतो आणि खरा वेग वाढला नसतानाही काटा वर सरकतो. बर्गेनएअरच्या विमानात ऑटोपायलट कॅप्टनच्या बाजूचीच माहिती घेत होता. वेग जास्त आहे असे समजून त्याने नाक वर उचलले, खरा वेग घटला आणि विमानाने उचल गमावली.

सिम्युलेटरवर काय करता येते?

फ्लाइटगिअरसारख्या मोफत सिम्युलेटरमध्येही पिटो यंत्रणेचा बिघाड मुद्दाम घडवता येतो. विद्यार्थ्यांनी आधी दाबाचे गणित मांडून काटा कुठे जाईल हे सांगायचे, मग उड्डाणात ते पडताळायचे. नंतर तीच नळी विमान उतरताना बुजवायची. आता काटा उलट, कमी वेग दाखवतो.

मर्यादा कोणत्या?

सिम्युलेटर गणिती प्रारूपावर चालतो. प्रारूपात नसलेला बिघाड तो दाखवू शकत नाही. उचल गमावल्यानंतरचे विमानाचे वागणेही साध्या प्रारूपात हुबेहूब उमटत नाही. खुर्चीत बसलेल्या विद्यार्थ्याला जिवाची भीतीही नसते.

मग उपयोग काय?

वैमानिक शिकतो तो बिघाडातून सुटायला. भावी अभियंत्यापुढचा प्रश्न वेगळा असतो : दोन वेगमापक दोन आकडे दाखवत असतील, तर संगणकाने विश्वास कोणावर ठेवायचा आणि ही तफावत वैमानिकाला वेळेत कशी कळवायची? त्याचे उत्तर विमान बांधण्याआधीच शोधावे लागते.