ऱ्होनच्या खोऱ्याचा सपाट तळ

स्वित्झर्लंडमध्ये मार्तिन्यीहून सिओंकडे निघालं की दोन्ही बाजूंना डोंगर सरळ उठलेले दिसतात आणि मधली जमीन मात्र शेतासारखी सपाट. जर्दाळूच्या बागा, रेल्वेमार्ग, बांधांमध्ये बसवलेली ऱ्होन नदी. डोंगरांच्या उतारांच्या रेषा मनातल्या मनात खाली वाढवल्या, तर त्या जमिनीच्या कितीतरी खाली जाऊन मिळतात. मार्तिन्यीपाशी जमिनीत लहरी सोडून मोजमाप झालं, तेव्हा पक्का खडक जवळपास एक किलोमीटर खोल निघाला. गाव समुद्रसपाटीपासून ४७० मीटरांवर. म्हणजे खोऱ्याचा खडकाळ तळ समुद्रसपाटीच्याही खाली. त्यावरचा सगळा भराव गाळाचा आहे.

एवढा खड्डा नदी खणू शकत नाही. समुद्राच्या पातळीखाली तिचं पाणी वाहायचं कुठे? हिमनदीचं तसं नसतं. तिच्या पृष्ठभागाला उतार असला की तळाचा बर्फ चढावरही ढकलला जातो, आणि त्याच्याखाली दाबात अडकलेलं पाणी खरवडलेला चुरा बाहेर काढतं. सुमारे २४,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, इथे दीड किलोमीटरहून जाड बर्फ होता. आधीच्या हिमयुगांनीही हाच खड्डा खरवडला होता.

बर्फ मागे हटला आणि खड्ड्यात पाणी भरलं. आजच्या जिनिव्हा सरोवराचा एक लांब फाटा खोऱ्यात आत शिरला होता. सगळ्यात खाली बर्फाने टाकलेले दगडगोटे राहिले. त्यांवर बसू लागलं ते खडकाचं पीठ. हिमनदी दगडावर दगड घासते, त्यातून निघणारी ही भुकटी इतकी बारीक, की ती मिसळलेलं पाणी दुधाळ राखाडी दिसतं. उन्हाळ्यात बर्फ वितळून पाण्याचा लोंढा आला की जाडसर थर बसतो. हिवाळ्यात सरोवर गोठून पाणी निवांत झालं की तरंगत राहिलेली चिकणमाती सावकाश तळाशी येते. फिकट थर आणि गडद थर मिळून एक वर्ष. अशा सरोवरांचा गाळ उभा कापला, की झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी वर्षं मोजता येतात.

इकडे नदी वाळू-रेती आणून सरोवराच्या वरच्या टोकाला त्रिभुज प्रदेश रचत होती. तो पुढे सरकला तसं सरोवर मागे ढकललं गेलं. बाजूच्या ओढ्यांनी कड्यांच्या पायथ्याशी पंख्यासारखे ढीग ओतले. ल्यूकजवळचा इलग्राबेन आजही दगडचिखलाचे लोट सोडतो; त्याचा पंखा एवढा मोठा, की त्याने ऱ्होनला पलीकडच्या कड्याशी दाबून धरलं आहे. जुनी गावं बहुतेक अशाच पंख्यांवर वसली, कारण मधला सपाट भाग दलदलीचा आणि पुराचा होता.

हे काम एकसारख्या वेगाने होत नाही, आणि मला यातला महत्त्वाचा मुद्दा हाच वाटतो. मायकेल चर्च आणि जून रायडर यांनी १९७२ मध्ये कॅनडातल्या नद्यांवरून दाखवलं, की बर्फ हटल्यानंतर सुरुवातीला गाळ प्रचंड येतो. उतारांवर सुटा माल पडलेला असतो, त्याला धरायला झाडोरा नसतो, बर्फाचा आधार गेलेले कडे ढासळतात. माल संपत आला की ओघ मंदावतो, तरी हजारो वर्षं चालू राहतो.

भराव अजून पुरा झालेला नाही. ऱ्होनचं गार, गढूळ पाणी सरोवराच्या पाण्यापेक्षा जड असतं, तेव्हा ते तळाशी बुडी मारून पुढे जातं. त्या प्रवाहाने सरोवराच्या तळावर घळ तयार केली आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रांस्वा-अल्फोंस फोरेल यांनी तिचा अभ्यास केला होता. वर डोंगरातही माल सुटतोच आहे. २८ मे २०२५ रोजी लोटशेन खोऱ्यात वरून कोसळलेल्या दरडींच्या भाराखाली बर्च हिमनदी तुटली आणि ब्लाटेन गाव गाडलं गेलं. गाव आधीच रिकामं केलं होतं, तरी एका माणसाचा जीव गेला. ढिगाऱ्याने लोंझा नदी अडली आणि मागे तळं साचलं. लोंझा ऱ्होनला मिळते. त्या ढिगाऱ्यातली वाळू आणि पीठ पुरांबरोबर थोडंथोडं त्याच वाटेने खाली उतरणार आहे.