उन्हात बसल्याने कोलेस्टेरॉल कमी होतं का? जाणून घ्या व्हिटॅमिन डीशी असलेलं नेमकं नातं

हेल्थ चेकअपचा रिपोर्ट हातात येतो. कोलेस्टेरॉल वाढलेलं, व्हिटॅमिन डी कमी. त्यात व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, "ऊन कोलेस्टेरॉलचं रूपांतर व्हिटॅमिन डीमध्ये करतं, गोळ्यांची गरजच नाही!" यात तथ्य किती?

दोघांचा कच्चा माल एकच

आपल्या त्वचेत ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या आधीची ही एक पायरी. त्यावर उन्हातले यूव्हीबी किरण पडले की व्हिटॅमिन डी बनायला सुरुवात होते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला शरीराला वापरता येईल असं रूप देतात.

म्हणजे ऊन रक्तातलं कोलेस्टेरॉल जाळत नाही, तर त्वचेतला कच्चा माल वापरतं. तोही अगदी किंचित. व्हिटॅमिन डीचे २००० युनिट म्हणजे फक्त ५० मायक्रोग्रॅम. शरीर रोज कोलेस्टेरॉल बनवतं ते मात्र शेकडो मिलिग्रॅम! आणि एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम.

मग दोन्ही आकडे एकत्र का बिघडतात?

व्हिटॅमिन डी कमी असलेल्या लोकांमध्ये वाईट कोलेस्टेरॉल (एलडीएल) आणि ट्रायग्लिसराइड्स जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण सोबत दिसणं म्हणजे एकामुळे दुसरं होणं नव्हे. वजन जास्त असेल तर व्हिटॅमिन डी चरबीत साठून राहतं आणि रक्तात कमी दिसतं. दिवसभर घरात किंवा ऑफिसात बसून असणाऱ्यांना ऊनही मिळत नाही आणि व्यायामही होत नाही. मूळ कारण एकच, परिणाम दोन!

प्रयोग काय सांगतात?

अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत व्हिटॅमिन डी कमी असलेल्या १५१ जणांपैकी काहींना आठ आठवडे दर आठवड्याला ५०,००० युनिट दिले गेले, तर बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. पहिल्या गटाची व्हिटॅमिन डीची पातळी वाढली, पण कोलेस्टेरॉल सुधारलं नाही.

त्यानंतर 'व्हायटल' ही मोठी चाचणी झाली. २५,८७१ लोक, रोज २००० युनिट, पाच वर्षांहून अधिक काळ. २०१८ मध्ये निकाल आला, हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचं प्रमाण लक्षणीय कमी झालं नाही.

काय कराल?

व्हिटॅमिन डीची कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी, पण ती हाडं आणि स्नायूंसाठी. आपल्याकडे ६०,००० युनिटचं सॅशे सहसा आठवड्यातून एकदा आणि ठरावीक काळच घ्यायला सांगतात. ते रोज किंवा महिनोन् महिने मनानेच घेत राहिलं, तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, मुतखडा, अगदी किडनीला इजाही होऊ शकते.

कोलेस्टेरॉलसाठी उपाय वेगळे आहेत. तूप, वनस्पती तूप, तळलेले पदार्थ कमी करणं, डाळी, भाज्या, ओट्ससारखं तंतुमय अन्न, नियमित चालणं आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर स्टॅटिनची गोळी.

ती गोळी उन्हाच्या भरवशावर बंद करू नका. उन्हात जरूर जा, पण नुसतं बसण्यापेक्षा चाला. कोलेस्टेरॉलला फायदा होईल तो त्या चालण्याचा!