बैलगाडा शर्यत, गाडीवान आणि वृत्तछायाचित्रकार : एका तणावाची मीमांसा

प्रस्तावना

शर्यत आणि छायाचित्र यांचे नाते जुने आहे. १८७८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड माय्ब्रिज या छायाचित्रकाराने धावत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे घेतली. धावताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात, हे त्यांवरून सिद्ध झाले. डोळ्याला जे दिसत नाही ते कॅमेऱ्याला दिसते, ही जाणीव तेव्हापासून शर्यतीच्या जगात रुजली. मात्र जे दिसावे असे स्पर्धकाला वाटते आणि जे टिपावे असे छायाचित्रकाराला वाटते, ते नेहमी एकच असते असे नाही. या विसंगतीतून निर्माण होणाऱ्या तणावाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील ग्रामजीवनाशी जोडलेल्या बैलगाडा शर्यतीचे उदाहरण घेतले असून, तुलनेसाठी मोटार शर्यतींचा संदर्भ दिला आहे.

शर्यतीचे स्वरूप

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले, संगमनेर आणि पारनेर हे तालुके पुणे जिल्ह्यातील जुन्नर व शिरूर या तालुक्यांना लागून आहेत. या पट्ट्यात ग्रामदैवताच्या यात्रेनिमित्त घाटातील बैलगाडा शर्यतीची परंपरा आहे. येथे घाट म्हणजे शर्यतीसाठी तयार केलेली चढाची धावपट्टी होय. गाड्याला चार बैल जुंपले जातात, पुढे घोडी धावते आणि गाडा किती सेकंदांत वर पोहोचला यावर क्रमांक ठरतो. ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठताच गाडा सुटतो. त्यानंतर तो माणसाच्या ताब्यात फारसा राहत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील छकडी शर्यतीत मात्र दोन बैलांच्या हलक्या गाडीवर हाकणारा स्वतः असतो. मैदानावरची मंडळी त्याला सर्रास ‘ड्रायव्हर’ म्हणतात. प्रकार कोणताही असो, बैल राखणारा मालक, गाडा जुंपणारे सहकारी आणि हाकणारा गाडीवान या सर्वांची प्रतिष्ठा त्या काही सेकंदांत पणाला लागलेली असते. ‘घाटाचा राजा’ हा मान मिळालेल्या गाड्याचे छायाचित्र मालकाच्या घराच्या भिंतीवर आणि गावातील फलकावर झळकते. म्हणजेच गाडीवान हा मुळात कॅमेऱ्याचा विरोधक नाही; त्याला छायाचित्र हवेच असते.

तणावाचे पहिले कारण : जागा

धावत्या गाड्याचे सर्वांत परिणामकारक छायाचित्र समोरून मिळते. उधळलेली धूळ, बैलांचे ताणलेले स्नायू आणि मागे गर्दी हे सर्व एका चौकटीत यावे, यासाठी छायाचित्रकार धावपट्टीच्या टोकाशी, शक्य तितका खाली वाकून बसतो. गाडीवानाच्या दृष्टीने हीच जागा सर्वांत धोक्याची आहे. गाड्याला मोटारीसारखा ब्रेक नसतो. समोर अचानक हललेली आकृती पाहून बैल बिचकला, तर गाडा गर्दीत शिरण्याचा संभव असतो. अशा वेळी छायाचित्रकारावर ओरडणे किंवा त्याला हाताने बाजूला सारणे हे उद्धटपणाचे वाटले, तरी त्यामागे भय असते.

मोटार शर्यतींमध्ये हा प्रश्न अधिक साधनसंपन्न व्यवस्थेतही सुटलेला नव्हता. २००८ च्या ब्रिटिश ग्रां प्रीच्या वेळी फेरारीचा चालक किमी रायकोनेन याने फार जवळ आलेल्या एका छायाचित्रकाराला ढकलले आणि ते दृश्य जगभर दाखवले गेले. २०१३ च्या जर्मन ग्रां प्रीमध्ये मार्क वेबरच्या गाडीचे निखळलेले चाक पिट लेनमधील एका कॅमेरामनला लागून तो जखमी झाला. त्यानंतर शर्यत चालू असताना पिट लेनमधील माध्यम प्रतिनिधींच्या वावरावर कठोर निर्बंध आले. अधिस्वीकृती, ओळखीचे जाकीट आणि ठरवून दिलेल्या जागा या उपायांनी तेथे तणाव बराच कमी केला आहे. जागेचा वाद नियमाने सुटू शकतो, हे यावरून दिसते.

तणावाचे दुसरे कारण : पुरावा

बैलगाडा शर्यतीतील तणाव मात्र केवळ जागेचा नाही. वृत्तछायाचित्रकाराला हवा असलेला उत्कट क्षण आणि गाडीवानाला अडचणीत आणणारा क्षण हे बहुधा एकच असतात. उगारलेली काठी, पिरगाळलेली शेपटी, बैलाच्या तोंडाला आलेला फेस ही छायाचित्रणाच्या दृष्टीने प्रभावी दृश्ये कायद्याच्या दृष्टीने क्रूरतेचा पुरावा ठरू शकतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा अस्तित्वात होताच. परंतु त्याच्या कलम ११ नुसार पहिल्या अपराधाला केवळ १० ते ५० रुपये दंड होता. त्यामुळे कॅमेऱ्याची भीती वाटण्याचे कारण फारसे नव्हते.

२०११ नंतर परिस्थिती पालटली. ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने प्रदर्शन व प्रशिक्षणास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र शासनाने शर्यतींवर बंदी घातली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘भारतीय जीवजंतु कल्याण मंडळ विरुद्ध ए. नागराजा’ या खटल्यात जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यत या दोहोंना मनाई केली. या प्रकरणात पाहणी अहवालांबरोबर छायाचित्रेही न्यायालयापुढे होती. गावच्या यात्रेत टिपलेले चित्र दिल्लीच्या न्यायालयात पोहोचू शकते, ही गोष्ट त्यातून सर्वांच्या ध्यानी आली. तेव्हापासून कॅमेरा घेऊन आलेला अनोळखी माणूस बातमीदार आहे की तक्रारदार, हा प्रश्न मैदानावर विचारला जाऊ लागणे स्वाभाविक होते. वृत्तछायाचित्रकार स्वतःला निरीक्षक समजत होता. समोरच्याच्या लेखी तो साक्षीदार झाला होता.

बंदीच्या काळात या नात्याला आणखी एक पदर होता. शर्यत पुन्हा सुरू व्हावी यासाठी झालेल्या आंदोलनांना प्रसिद्धीची गरज होती. २० ऑगस्ट २०२१ रोजी सांगली जिल्ह्यातील झरे येथे प्रशासनाचा बंदोबस्त असताना शर्यत घेण्यात आली, तेव्हा ती राज्यभर चर्चेचा विषय झाली. जो कॅमेरा गुन्ह्याचा पुरावा तयार करतो, तोच मागणीचा आवाजही पोहोचवतो, हे द्वैत येथे स्पष्ट होते.

कायद्याने आणलेला कॅमेरा

एप्रिल २०१७ मध्ये राज्य विधिमंडळाने बैलगाडा शर्यतीस अटींसह मुभा देणारी दुरुस्ती संमत केली. तिच्यात अटींचा भंग केल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास अशी तरतूद आहे. उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे तिचा लाभ लगेच मिळाला नाही. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. या खटल्याच्या २०२२ मधील सुनावणीत काही छायाचित्रांवरून सर्वसाधारण निष्कर्ष काढण्यातील धोक्याकडेही पीठाने लक्ष वेधले होते. छायाचित्र एका क्षणाबद्दल खरे बोलते, संपूर्ण प्रथेबद्दल नव्हे, हा त्यातील विचार माध्यमांच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे.

नव्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पन्नास हजार रुपयांची अनामत आणि कमाल एक हजार मीटरची धाव यांबरोबर शर्यतीचे चित्रीकरण करून ते प्रशासनास सादर करणे आयोजकांवर बंधनकारक झाले. पूर्वी नकोसा असलेला कॅमेरा आता परवानगीचीच अट बनला. यामुळे तणाव संपला नाही; त्याचे केंद्र बदलले. आयोजकाने नेमलेला चित्रणकार आयोजकाचे मानधन घेतो, तर वृत्तछायाचित्रकार वाचकाला बांधील असतो. दोघांच्या चित्रणात तफावत आढळली तर कोणते ग्राह्य, हा प्रश्न उरतोच. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जालना येथील निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर खटल्यात २०२० मध्ये पुन्हा स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही प्रमाणपत्राची ही अट कायम आहे. त्यामुळे समाजमाध्यमावर फिरणारी चित्रफीत आणि न्यायालयात टिकणारा पुरावा यांत मोठे अंतर असते. गाडीवानाची बदनामी मात्र पहिल्या चित्रफितीनेच होऊन जाते.

संरक्षण कोणाला?

बैलगाडा दुरुस्ती संमत झाली त्याच एप्रिल २०१७ मध्ये विधिमंडळाने प्रसारमाध्यमांतील व्यक्तींवरील हल्ल्यांना प्रतिबंध करणारे विधेयकही मंजूर केले. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यात वृत्तछायाचित्रकार आणि दूरचित्रवाणीचा कॅमेरामन यांचा स्पष्ट उल्लेख असून हल्लेखोरास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तथापि ही व्याख्या माध्यमसंस्थेत नियमित वा कंत्राटी नोकरी करणाऱ्यांभोवती उभी आहे. आज शर्यतीच्या मैदानावर भ्रमणध्वनी किंवा ड्रोन घेऊन उभी असलेली तरुण मुले बहुधा कोणत्याही वृत्तपत्राची नसतात. त्यांना या कायद्याचे संरक्षण मिळणे अवघड आहे. त्याचप्रमाणे व्यावसायिक संकेतांचे बंधनही त्यांच्यावर नाही. ड्रोनचा आवाज आणि सावली यांनी जनावर बिथरू शकते, ही बाब त्यांना सांगणारे संपादकीय कार्यालय नसते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी दिसून येतात. जागेवरून होणारा तणाव व्यवस्थापनाचा आहे. छायाचित्रकारांसाठी कठड्यामागे निश्चित जागा, ओळखपत्र आणि शर्यतीपूर्वी दोन मिनिटांची सूचना एवढ्यानेही तो पुष्कळ कमी होईल. पुराव्यावरून होणारा तणाव मात्र असा मिटणार नाही आणि तो पूर्णपणे मिटावा अशी अपेक्षाही योग्य नव्हे. शर्यतीची कायदेशीरता आता बैलाला क्रूरतेने वागविले जात नाही या गृहीतावर उभी आहे आणि ते गृहीत तपासण्यासाठी आयोजकाच्या कॅमेऱ्याखेरीज दुसरा, स्वतंत्र कॅमेराही आवश्यक आहे. नियम पाळणाऱ्या गाडीवानाचे हितही त्यातच आहे. कारण खोट्या आरोपापासून त्याचे रक्षण करू शकणारा पुरावा तोच ठरतो. त्याच्या मोबदल्यात छायाचित्रकारानेही चित्राची तारीख, स्थळ आणि मागचापुढचा संदर्भ जपणे, जुने चित्र नव्या बातमीसाठी न वापरणे, एवढे पथ्य पाळले पाहिजे. महाविद्यालयांतील वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्यांना ही जबाबदारी शिकविण्यासाठी दूरची उदाहरणे शोधण्याची गरज नाही. जवळच्या गावच्या यात्रेतील घाट हीच त्यांची प्रयोगशाळा होऊ शकते. या सर्व वादात ज्याला बोलता येत नाही तो बैल, आणि त्याच्या बाजूने काही सांगू शकेल असे साधन म्हणजे प्रामाणिकपणे घेतलेले छायाचित्र होय.